बंदा रुपया ऑनलाइन घेताना: खरा का, प्रत कोणती, किंमत किती?

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर दरवर्षी दोन-चार चांदीचे रुपये मांडले जातात. ते कधी नीट निरखून पाहिलेत? एखाद्यावर व्हिक्टोरिया राणी असते, तर एखाद्यावर दाढीवाला पंचम जॉर्ज. घरातली मोठी माणसं त्यांना ‘राणी छाप’, ‘कलदार’ किंवा नुसतं ‘बंदा रुपया’ म्हणतात. मराठी कुटुंब पुण्यात असो, इंदूरला असो की बडोद्याला, असा एखादा रुपया कपाटातल्या डबीत सापडतोच.

हल्ली हाच रुपया फोनच्या पडद्यावरही दिसतो. एक विक्रेता तो चांदीच्या भावाला देतो, तर दुसरा तसाच दिसणारा रुपया ‘अतिदुर्मीळ’ म्हणून कितीतरी पट किमतीला. कुणाला आजोबांचा संग्रह पुढे वाढवायचा असतो, कुणाला मुलीच्या वाढदिवसाला वेगळी भेट द्यायची असते. पण नाणं हातात नसताना, केवळ फोटोवरून पारख करायची कशी?

त्यासाठी तीन प्रश्न आहेत. नाणं खरं आहे का? त्याची प्रत कोणती? आणि मग, किंमत किती? प्रश्न याच क्रमाने विचारायचे. फसवणूक बहुधा तिथेच होते, जिथे आपण आधी किंमत पाहून हरखतो आणि पहिले दोन प्रश्न विसरतो.

आधी नाण्याची ओळख करून घ्या

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली आपल्या ताब्यातल्या सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया सुरू केला. त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे ९१.७ टक्के. राजे बदलले, छाप बदलला, पण हे प्रमाण १९३९ पर्यंत कायम राहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आली. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे.

छापांचा क्रमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८३५ च्या रुपयावर चौथा विल्यम आहे. १८४० पासून व्हिक्टोरिया येते. १८७६ पर्यंतच्या नाण्यांवर तिच्या नावापुढे ‘क्वीन’ आहे आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’. सातव्या एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१० चे. त्याच्या डोक्यावर मुकुट नाही. १९११ पासून पंचम जॉर्ज आणि १९३८ पासून सहावा जॉर्ज.

एवढ्या माहितीवरही बरीच खोटी नाणी घरबसल्या ओळखता येतात. ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ असं लिहिलंय आणि साल १८६२? मग पुढे काही पाहायची गरजच नाही.

अशीच गोष्ट राम दरबार, हनुमान किंवा लक्ष्मीचं चित्र असलेल्या ‘ईस्ट इंडिया कंपनी’च्या आण्यांची. त्यांवर १६१६, १७१७, १८१८ अशी साल असतात आणि ‘चमत्कारी नाणं’ म्हणून ती विकली जातात. कंपनीने असे आणे कधीही पाडले नाहीत. ही अलीकडच्या काळात बनवलेली शोभेची नाणी आहेत. देव्हाऱ्यात ठेवायची असतील तर जरूर ठेवा, पण पुरातन नाण्याचा भाव त्यांना देऊ नका.

जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे

‘दीडशे वर्षं जुनं आहे, म्हणजे लाखोंचं असणार!’ हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात किंमत ठरते ती किती नाणी शिल्लक आहेत, ती कोणत्या अवस्थेत आहेत आणि किती जणांना हवी आहेत यावर.

१८६२ चा व्हिक्टोरियाचा रुपयाच घ्या. नाण्यावरचं साल न बदलता टांकसाळी पुढची बरीच वर्षं तो पाडत राहिल्या. मुंबईच्या टांकसाळीने तर खरं वर्ष कळावं म्हणून त्यावर बारीक ठिपके घातले. त्यामुळे हे नाणं जुनं असलं तरी आजही सहज मिळतं. याउलट १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया वयाने कितीतरी लहान, पण फार थोडे शिल्लक असल्यामुळे संग्राहक त्याच्या मागे असतात. म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर आहेत. १९३८ मधला शेवटचा ८ कोरून त्याचा ९ केलेला रुपयाही बाजारात फिरतो.

१९११ च्या रुपयाची कथा मजेची आहे. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावर एक छोटा हत्ती कोरला होता. त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो डुक्कर वाटला! धार्मिक भावना दुखावल्या आणि ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते. त्यांतले सुमारे ७ लाखच बाहेर गेले, बाकीचे वितळवले गेले. १९१२ च्या रुपयावर हत्तीला व्यवस्थित सोंड मिळाली. म्हणून पंचम जॉर्जचा रुपया घेताना आधी साल पाहा, मग हत्ती पाहा.

खरं की खोटं? घरी करता येतील अशा पाच तपासण्या

पार्सल आलं की ते फोडताना सलग व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून नाणं बाहेर येईपर्यंत. परत करायची वेळ आली तर तोच तुमचा पुरावा. मग या तपासण्या करा.

१. वजन: स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही. दागिने तोलायचा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. चांगल्या स्थितीतला १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरतो. बराच वापरलेला असेल तर थोडा कमी. अर्धा-पाऊण ग्रॅमचा फरक दिसला, किंवा वजन ठरलेल्यापेक्षा चांगलंच जास्त आलं, तर सावध व्हा.

२. लोहचुंबक: चांदी चुंबकाला चिकटत नाही. चांदीचा म्हणून घेतलेला रुपया चिकटला तर तो खोटा. मात्र १९४७ चा निकेलचा रुपया चिकटतो आणि तो तसाच असायला हवा. पितळ, तांबं, शिसंही चिकटत नाहीत, म्हणून नाणं चिकटलं नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

३. पाण्यातली तपासणी: शाळेत शिकलेला आर्किमिडीजचा नियम इथे उपयोगी पडतो आणि मुलांनाही हा प्रयोग आवडतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्यात अडकवून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काट्यावर जो आकडा दिसेल, त्याने नाण्याच्या वजनाला भागा. ९१.७ टक्के चांदीच्या ११.६६ ग्रॅमच्या रुपयासाठी काटा साधारण १.१३ दाखवेल आणि भागाकार १०.३ च्या जवळ येईल. तेवढ्याच वजनाच्या पितळी नकलेसाठी काटा १.३७ च्या आसपास जाईल. १९४० नंतरच्या अर्ध्या चांदीच्या रुपयांना हा हिशेब लागू नाही. नंतर नाणं मऊ कापडावर ठेवून टिपून घ्या, चोळू नका.

४. कड: नाण्याची दातेरी कड सगळीकडे सारखी आहे का, ते पाहा. साच्यात ओतून बनवलेल्या नकलेच्या कडेवर पुष्कळदा जोडाची बारीक रेघ दिसते. १९४० नंतरच्या अर्ध्या चांदीच्या रुपयाची कड मात्र नक्कल करणं अवघड जावं म्हणून मुद्दाम वेगळी ठेवली होती. ती साधी दातेरी नसते.

५. भिंग: दहापट मोठं दाखवणारं भिंग बाजारात सहज मिळतं. टांकसाळीत ठशाने पाडलेल्या नाण्यावर अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात. ओतीव नकलेवर त्या बोथट होतात आणि सपाट भागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. सालाच्या शेवटच्या आकड्याभोवती खरवडल्याच्या खुणा आहेत का, तेही पाहा.

खणखणीत आवाजावरून पारख करायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण त्यासाठी नाणं फरशीवर आपटू नका. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारली तरी चांदीचा लांबणारा नाद ऐकू येतो.

या तपासण्यांची मर्यादाही ओळखा. चांगली चांदी वापरून, ठसा बनवून पाडलेली नक्कल वजनातही उतरते आणि पाण्यातही. म्हणून १९११ किंवा १९३९ सारखं महागडं नाणं जाणकाराला दाखवल्याशिवाय किंवा प्रमाणित असल्याशिवाय घेऊ नका.

फोटोवरून प्रत कशी ओळखाल?

नाण्याची प्रत म्हणजे ते किती झिजलं आहे याचं मोजमाप. विक्रेते त्यासाठी इंग्रजी शब्द वापरतात आणि ते ऐकून नवखा माणूस चकतो. ‘गुड’ म्हणजे चांगलं, असं तुम्हाला वाटेल. पण नाण्यांच्या भाषेत ‘गुड’ म्हणजे जवळजवळ घासून गेलेलं. राणीची फक्त बाह्यरेषा दिसते, केस सपाट झालेले असतात.

त्यावरची प्रत ‘फाइन’. केसांच्या मुख्य बटा दिसतात, पण मुकुटावरची नक्षी बरीच गेलेली असते. ‘व्हेरी फाइन’मध्ये केस, मुकुट आणि कपड्यांवरची वेलबुट्टी ओळखता येते, झीज मध्यम असते. ‘एक्स्ट्रीमली फाइन’मध्ये झीज फक्त सगळ्यात उंच भागांवर असते. आणि ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणजे व्यवहारात न फिरलेलं, टांकसाळीची मूळ झळाळी टिकून असलेलं कोरं नाणं. थैल्यांत एकमेकांवर आपटून पडलेले बारीक टोचे मात्र कोऱ्या नाण्यावरही असू शकतात.

झीज नेहमी उंच भागांपासून सुरू होते. म्हणून फोटो मोठा करून आधी तेच भाग पाहा: व्हिक्टोरियाच्या कपाळावरचे केस आणि मुकुट, पंचम जॉर्जची भुवई आणि मुकुटातले मोती. विक्रेता ‘एक्स्ट्रीमली फाइन’ म्हणत असेल आणि भुवई सपाट दिसत असेल, तर तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा.

काही वेळा १ ते ७० असा आकडाही दिलेला असतो. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ मध्ये मांडलेल्या मापावरून तो आला. ६० आणि त्यापुढचे आकडे न वापरलेल्या नाण्यांसाठी असतात. अमेरिकेतल्या ‘पीसीजीएस’ आणि ‘एनजीसी’ या संस्था नाणं तपासून, प्रत ठरवून ते प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देतात. अशा डबीवर क्रमांक असतो. तो विक्रेत्याने पाठवलेल्या लिंकवर न तपासता संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन तपासा. तिथे फोटो असेल तर नाण्यावरचे डाग आणि ओरखडे जुळतात का, तेही पाहा. कारण डब्यांच्याही नकला होतात.

फोटो लबाडी करू शकतो. फार प्रखर प्रकाशात ओरखडे दिसत नाहीत, धूसर फोटोत झीज झाकली जाते. म्हणून विक्रेत्याकडे चार गोष्टी मागा: दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो, कडेचा फोटो, काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो आणि नाणं प्रकाशात हळूहळू कलवतानाचा छोटा व्हिडिओ. मूळ झळाळी असलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. घासलेलं नाणं सगळीकडून सारखंच, निर्जीव चमकतं. फोटो दुसरीकडून उचलला आहे का, हे फोनवरच्या ‘चित्रावरून शोध’ या सोयीने पाहता येतं.

आपल्याकडच्या रुपयांवर आणखी दोन खुणा शोधा. पूर्वी रुपयांना कडी जोडून त्यांच्या माळा करत. नंतर कडी काढली तरी कडेला डाग दिल्याची खूण राहते. जुन्या रुपयांवर सराफांनी पारखताना मारलेले बारीक ठसेही असतात. नाणं खरं असलं तरी या खुणांमुळे त्याची किंमत उतरते.

घासू नका, उजळवू नका!

दिवाळी जवळ आली की चिंच, राख, भांडी घासायची पावडर किंवा टूथपेस्ट घेऊन चांदी लख्ख करायची, ही आपली सवय. ताट-वाट्यांसाठी ती ठीक आहे. पण नाण्यावर शंभर वर्षांत चढलेला करडा, निळसर किंवा सोनेरी रंग हा संग्राहकांच्या दृष्टीने त्याच्या अस्सलपणाची साक्ष असतो. एकदा घासलं की झळाळी कायमची जाते आणि त्या जागी असंख्य बारीक ओरखडे उरतात. प्रमाणित करणाऱ्या संस्था अशा नाण्याला बहुधा आकडा देत नाहीत, ‘साफ केलेलं’ असा शेरा देतात.

त्यामुळे ऑनलाइन घेताना ‘चकचकीत’ नाण्याला भुलू नका. आणि घरातलं जुनं नाणं पूजेला ठेवायचं असेल तर त्यावर थेट हळद-कुंकू किंवा पंचामृत न घालता ते छोट्या पारदर्शक डबीत ठेवून पूजा करा. नाणं नेहमी कडेने धरा. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटांत ते वर्षानुवर्षं ठेवू नका, त्यांतून सुटणाऱ्या रसायनाने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो.

आता किंमत

पहिले दोन प्रश्न सुटले की तिसरा सोपा होतो. चांदीच्या नाण्याला एक तळभाव असतो. ११.६६ ग्रॅमच्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी आहे, १९४० नंतरच्या अर्ध्या चांदीच्या रुपयात सुमारे ५.८ ग्रॅम. त्याला त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणा. हिशेबाला सोपं म्हणून भाव १०० रुपये ग्रॅम धरला, तर तळभाव अनुक्रमे सुमारे १,०७० आणि ५८० रुपये येईल. सहज मिळणाऱ्या सालाचा झिजलेला रुपया याच्या आसपासच मिळायला हवा. त्यापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर कारण शोधा. कुणी चांदी तोट्यात विकत नाही.

तळभावाच्या वर जे मोजायचं ते प्रत आणि दुर्मीळपणा यांसाठी. ते ठरवताना जाहिरातीतली मागितलेली किंमत पाहू नका, नाणं प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते पाहा. नाणी विकणाऱ्या लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर मागच्या लिलावांचे निकाल असतात. तेच साल, तीच टांकसाळ आणि तीच प्रत यांची तुलना करा. लिलावात बोलीच्या रकमेवर खरेदीदाराकडून कमिशन, कर आणि पाठवणीचा खर्च घेतात, तोही बोली लावण्याआधी मिळवून पाहा.

विक्रेता, पैसे आणि कायदा

विक्रेता पक्कं बिल देतो का? नाणं खोटं निघालं तर परत घेतो का, आणि ते लेखी सांगतो का? बिलावर साल, टांकसाळ आणि प्रत लिहून मागा. अनोळखी माणसाला सगळी रक्कम आगाऊ पाठवू नका. पहिला व्यवहार छोटाच करा.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरतं. ते सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही आणि त्याच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवण्याआधी हे लक्षात ठेवा. ‘शेतात सापडलेला हंडा’ म्हणून कुणी नाणी दाखवत असेल तर दोन शक्यता असतात: नाणी खोटी असतात, नाहीतर व्यवहार बेकायदा. जमिनीत सापडलेलं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

‘तुमचं नाणं लाखोंना घेतो’

खरेदीइतकीच फसवणूक विक्रीच्या नावानेही होते. ‘वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं आहे? १० लाख मिळवा!’ असे संदेश तुम्हीही पाहिले असतील. हे नाणं २०१२ चं, चलनात आलेलं. त्याला लाखो रुपये देणारा संग्राहक नसतो.

या संदेशांमागचा डाव ठरलेला असतो. समोरचा माणूस नाण्याचा फोटो पाहून आनंदाने मोठी रक्कम कबूल करतो. मग नोंदणी शुल्क मागतो, मग कर, मग कुरिअरचा विमा. कधी रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्रही पाठवतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की ती जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत नसते, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही.

घरातल्या ज्येष्ठांना आणि नव्याने फोन हाताळणाऱ्या मुलांना एक नियम पाठ करून द्या: पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्या खात्यातून जाणार आहेत. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

सुरुवात खिशातल्या नाण्यांपासून

पारख शिकायला पैसे लागत नाहीत. आज संध्याकाळी घरातली सुटी नाणी टेबलावर ओता आणि मुलांच्या हातात भिंग द्या. सालाखाली चौकट आकाराचं चिन्ह दिसलं तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, तारा दिसला तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. त्याच नाण्यांमध्ये कोरं कोणतं, झिजलेलं कोणतं, झीज कुठे आधी दिसते, हे मुलांना ओळखू द्या. पंधरा मिनिटांत प्रत म्हणजे काय ते त्यांना कळेल.

खरी जुनी नाणी जवळून पाहायची असतील तर मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राच्या संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. तिथे अस्सल नाणी पाहून बसलेली नजर ऑनलाइन फोटो पाहतानाही कामाला येते. नवी स्मारक नाणी हवी असतील तर ती सरकारी टांकसाळीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच मागवा, म्हणजे खऱ्या-खोट्याचा प्रश्नच उरत नाही.

आणि पहिली खरेदी म्हणून एखादा साधा, सहज मिळणारा, न घासलेला रुपया निवडा. तो तोलून पाहा, पाण्यात बुडवून हिशेब करा, भिंगाखाली धरा, घरातल्या राणी छाप रुपयाशी ताडून पाहा. त्या एका नाण्यावर नजर बसली की पुढच्या जाहिरातीतला ‘अतिदुर्मीळ’ हा शब्द वाचून तुमचा हात लगेच पैसे पाठवायच्या बटणाकडे जाणार नाही. आधी तो फोटो मोठा करून भुवई पाहील.